पत्रूभाऊंना भूक लागेपर्यंत

आमच्या हर्षाचं लग्न झालं ते साल म्हणजे कोरोनानंतर मंडप पुन्हा मोठे झाले ते. आदल्या उन्हाळ्यात गिरजावहिनी गेल्या, म्हणून लग्न वर्षभर थांबवलं होतं. हर्षा माझी नात, आणि गिरजावहिनी माझ्या थोरल्या भावाची, पत्रूभाऊंची बायको. त्या दोघांना मूल नव्हतं. हर्षाला वहिनींनीच कडेवर वागवून मोठं केलं. म्हणून हर्षाने आधीच सांगून ठेवलं होतं की मानाच्या पंगतीत मोठे आबाजी, म्हणजे पत्रूभाऊ, बसले नाहीत, तर ती मंडपात येणार नाही.

आमचं गाव नागभीडच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांच्या मधोमध. आमच्या घराण्यात एक रीत आहे. लग्नाच्या मानाच्या पंगतीत घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी पत्रावळीला हात लावत नाही, आणि तो उठल्याशिवाय कोणी उठत नाही. पाहुणा कितीही मोठा असो. माझ्या लग्नात आमच्या आज्याने घास हातात धरून एका म्हशीच्या सौद्याची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली होती, आणि नवरीकडच्या मंडळींनी ती भात निवेपर्यंत ऐकली होती.

हर्षाच्या लग्नात जेवणाची वेळ ठरवताना आम्ही सगळ्यांच्या उपासाचा विचार केला. भुकेचा करायचा राहिला.

लग्न चैत्र पौर्णिमेचं होतं. नवरदेवाची, कुलदीपची, आई सीताबाई आरमोरीच्या. त्या दर पौर्णिमेला अष्टशील पाळतात. सूर्य डोक्यावरून ढळला की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न नाही. त्यातून त्यांना साखरेचा आजार. गोळी सकाळीच घेतलेली असते, तेव्हा बाराच्या आत पोटात काही जायलाच हवं. म्हणून ठरलं की आधी पंगत, अकरा वाजता, आणि लग्न ऊन उतरल्यावर.

स्वयंपाक कय्यूमभाईंकडे होता. नागभीडपासून ब्रह्मपुरीपर्यंत कोणाच्याही घरचं लग्न असो, भाताचं मोठं गंज त्यांच्याच चुलीवर चढतं. पण रमजान सुरू होता आणि त्यांचा रोजा होता. त्यांना चव घेता येत नव्हती. घरच्या कोणाला चाखायला सांगावं, तर मोठ्याच्या आधी तोंड कोण उष्टं करणार. शेवटी त्यांनी नुसत्या वासावर वरण उतरवलं.

हर्षाचा भाऊ प्रफुल चंद्रपूरला जिममध्ये शिकवतो. त्याचं पोट दुकानासारखं आहे. सोळा तास शटर खाली, आठ तास वर. शटर उघडतं दुपारी बाराला, मोबाइलमध्ये घंटी वाजते तेव्हा. कय्यूमभाईंनी सगळ्यांच्या वेळा ऐकून घेतल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, तुमच्यातलं एक पोट बाराले बंद होते, एक बाराले उघडते, माझं दिवस बुडल्यावर. मी गरम ठेवू कोणाच्या हिशेबानं?"

पत्रूभाऊंचं तर त्यांना मी सांगितलंच नव्हतं.

होळीच्या सुटीत प्रफुल घरी आला तेव्हा त्याने गावात सगळ्यांना हे शटर शिकवलं. पत्रूभाऊंजवळ मोबाइल नाही, घड्याळही नाही. तेव्हा तो त्यांना म्हणाला, आबाजी, तुम्ही घड्याळ सोडा, शरीराचं ऐका, भूक लागली तर जेवा, नाई लागली तर नका जेवू. पत्रूभाऊंना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी असं काही सांगितलं असावं. त्यांनी ते मनावर घेतलं. जेवायला बोलावलं की ते पोटावर हात ठेवायचे, थोडा वेळ मान वाकडी करून थांबायचे, आणि म्हणायचे, "काई बोललं नाई." मग चहात मूठभर मुरमुरे भिजवून खायचे आणि बाजेवर पडायचे.

आम्हाला वाटलं, नियम पाळतात. धोतर सैल झालं, गालात खड्डे पडले, तरी आम्ही कौतुकच करत होतो. प्रफुलने तर त्यांचा होळीतला फोटो आणि आताचा फोटो शेजारी शेजारी लावून जिमच्या भिंतीवर टांगला. खाली लिहिलं, वय अठ्ठ्याहत्तर.

लग्नाच्या दिवशी मानाची पंगत वेळेवर बसली. पत्रूभाऊ मध्ये, त्यांच्या उजवीकडे सीताबाई, डावीकडे कुलदीप, पुढे त्याचा मामा बिरजू, आणि लग्न लावायला आलेले बौद्धाचार्य हरिदासजी. पत्रावळीवर भात, लाखोळीचं वरण, आलू-वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. वाढून झालं. सगळ्यांनी पत्रूभाऊंकडे पाहिलं.

पत्रूभाऊंनी पोटावर हात ठेवला. मान वाकडी केली. सगळी पंगत थांबली. आचाऱ्याकडची झाऱ्याची खडखडही थांबली.

"काई बोललं नाई," पत्रूभाऊ म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

आधी पाहुण्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतो आहे. ते हसले. मग मी जाऊन त्यांच्या कानात सांगितलं की भाऊ, एक घास घ्या, पाहुणे खोळंबले. ते म्हणाले, भुकेवाचून घास घेणं म्हणजे खोटं बोलणं, आणि आज पौर्णिमेला, हरिदासजींच्या समोर, मी खोटं बोलू काय. हरिदासजींकडे मी पाहिलं. त्यांनी पत्रावळीकडे पाहिलं. खोटं बोलू नये हे तर त्यांनीच आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं.

मग भूक आणायचे उपाय सुरू झाले. कय्यूमभाईंनी कांद्याची फोडणी दिली आणि कढई पत्रूभाऊंच्या नाकाजवळून फिरवून नेली. पंगतीतल्या सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, पत्रूभाऊ शिंकले. कोणी म्हणालं, चार पावलं चालवा, भूक लागेल. पण ते उठले तर रीतीप्रमाणे सगळ्यांना उठावं लागलं असतं, म्हणून ते रद्द झालं. एकाने लिंबू चोखायला दिलं. ते त्यांनी न चोखताच हर्षाच्या आईकडे दिलं, सरबताला होईल म्हणून.

तेवढ्यात बिरजू मामांनी शंका काढली की भूक लागलेली असेल, पण म्हाताऱ्याला ऐकू येत नसेल. बिरजू मामा चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे त्यांचं बोलणं कोणी मोडत नव्हतं. प्रफुलने बँडवाल्याचा माइक आणला आणि पत्रूभाऊंच्या पोटाला लावला. दोन्ही भोंग्यांतून आधी धोतराची खसखस आली. मग एक लांब, खोल आवाज आला, मोटेचं चाक फिरावं तसा, आणि त्याच्या मागून त्याचा प्रतिध्वनी, कारण बँडवाल्याने इको बंद केला नव्हता. बाहेर उभी असलेली माणसं आत पाहू लागली.

"लागली," प्रफुल म्हणाला. "लागली भूक."

"गॅस आहे," बिरजू मामा म्हणाले.

यावर वाद झाला. नवरीकडचे म्हणू लागले भूक आहे, नवरदेवाकडचे म्हणू लागले गॅस आहे. दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी पुन्हा ऐकायला मागितलं. माइक पुन्हा लावला, तर या वेळी काहीच आलं नाही. पत्रूभाऊ म्हणाले, इतक्या माणसांत ते बोलत नाई.

हे चाललं असताना माझं लक्ष सीताबाईंकडे गेलं. त्यांनी पदराने कपाळ पुसलं. पुन्हा पुसलं. त्यांची बोटं थरथरत होती. बिरजू मामांनीही ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बारा व्हायला थोडाच वेळ उरला होता. त्यांनी बहिणीला सांगितलं की रीत राहू दे, तू जेव. सीताबाई नको म्हणाल्या. या घरची रीत मोडून आपण या घरची मुलगी कशी न्यायची, असं त्यांचं म्हणणं. मग बारानंतर तरी जेवशील काय, मामांनी विचारलं. त्यावर त्यांनी नकाराची मान हलवली. तीस वर्षांचं अष्टशील त्या आमच्या भातासाठी मोडणार नव्हत्या.

मामा माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही, हे मला जास्त लागलं. "बाई इथी चक्कर येऊन पडली, तर आम्ही तिले दवाखान्यात नेऊ आणि तिथून घरी जाऊ. लग्नाले थांबणार नाई."

हर्षा आतल्या खोलीच्या दाराशी येऊन उभी होती. पांढरी साडी, केसांत मोगरा. तिने ऐकलं. ती पत्रूभाऊंकडे पाहत राहिली. पत्रूभाऊंनीही तिला पाहिलं आणि पुन्हा पोटावर हात ठेवला. या वेळी खूप जोर लावून. डोळे मिटून. ते मुद्दाम करत नव्हते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते खरंच ऐकत होते, आणि तिथे खरंच कोणी नव्हतं.

तेव्हा सीताबाईंनी आपली पत्रावळ थोडी पुढे सरकवली आणि त्यांच्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमचं नाई बोलत तर राहू द्या. माझं पोट पहाटपासून बोलून राह्यलं. आज माझं ऐका ना जी."

पत्रूभाऊंनी डोळे उघडले. "तुमच्या भुकेनं मी जेवू?"

"हो. काऊन, जमत नाई?"

त्यांनी पोटावरचा हात काढला. मग म्हणाले, "जमते. तसंच तं जेवत आलो. मी जेवल्याबिगर गिरजा जेवत नव्हती. वावरातून आलो का म्हणे, बसा आता, मले भूक लागली. मले आपली भूक कशी असते ते ठाऊकच नाई, बाई."

प्रफुलने माइक खाली ठेवला. तो चालूच होता, त्यामुळे पत्रूभाऊंचं बोलणं गावाने ऐकलं.

"मग बसा आता," सीताबाई म्हणाल्या. "मले भूक लागली."

पत्रूभाऊंनी भात कालवला, घास घेतला, चावला, गिळला. सगळे हात एकदम पत्रावळीकडे गेले. सीताबाई भरभर जेवल्या, बिरजू मामा घड्याळाकडे पाहत बसले होते. पत्रूभाऊ दुसरा घास घेता घेता थांबले आणि कय्यूमभाईंकडे पाहून म्हणाले, "वरणात मीठ नाई." कय्यूमभाईंनी कान पकडले. मिठाची वाटी आली. पत्रूभाऊंनी मीठ कालवलं, पुन्हा घास घेतला, आणि थोडं आश्चर्य वाटल्यासारखं स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

सीताबाईंचा हात बारा वाजायच्या आत थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. लगेच प्रफुलच्या मोबाइलची घंटी वाजली आणि त्यानेही पंगतीत बसून जेवण सुरू केलं. आम्हाला वाटलं, निभावलं.

पण पत्रूभाऊ जेवतच राहिले. भात झाला, पुन्हा भात घेतला. पुऱ्या घेतल्या. बुंदी घेतली, तिच्यावर वरण घेतलं. सगळी पंगत जेवून मोकळी झाली आणि त्यांच्या उठण्याची वाट पाहू लागली. पत्रावळींवर हात वाळले. बाहेर दुसऱ्या पंगतीची माणसं उभी राहून कंटाळली आणि मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली. मी विचारलं, भाऊ, पोट काय म्हणते. ते म्हणाले, "बोलून राह्यलं. वर्षभराचं तुंबलं होतं." मी त्यांना थांबा म्हणू शकलो नाही. प्रफुल मात्र इतकं एकदम नका खाऊ म्हणाला, तेव्हा बिरजू मामांनी त्याला गप्प केलं आणि पत्रूभाऊंना हळूहळू चावून खायला सांगितलं. त्यामुळे अजून वेळ लागला.

ऊन उतरलं. लग्नाची वेळ झाली. नवरदेव पंगतीत, लग्न लावणारे पंगतीत, नवरदेवाची आई पंगतीत, खांबाला टेकून डुलकी घेत. हरिदासजींनी खूप विचार केला आणि म्हणाले की लग्न उभं राहूनच लावावं असं कुठे सांगितलेलं नाही. बादली आणि तांब्या फिरला, सगळ्यांनी जागच्या जागी हात धुतले. तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो टेबलावर ठेवून पंगतीसमोर आणला. हर्षा येऊन कुलदीपशेजारी सतरंजीवर बसली. हरिदासजींनी वंदना सुरू केली. पत्रूभाऊंनी तेवढा वेळ हात जोडले आणि चावणं थांबवलं. शपथा झाल्या, हार घातले, लोकांनी फुलं टाकली. पुष्कळशी पत्रूभाऊंच्या बुंदीत पडली. त्यांनी ती एक एक करून वेचली, हर्षाच्या डोक्यावर टाकली, आणि बुंदी खाल्ली.

दिवस बुडाला तेव्हा कय्यूमभाई खजूर घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसले. पत्रूभाऊंनी त्यांना भात वाढायला लावला. "जेव," म्हणाले, "तुझी भूक मोठी असन. मी बसतो." कय्यूमभाई सावकाश जेवले. त्यांचं झाल्यावर पत्रूभाऊ उठले आणि त्यांच्याबरोबर सगळी पंगत उठली. पायांना मुंग्या आल्यामुळे नवरदेवाला दोघांनी धरून उभं केलं. सीताबाईंनी हर्षाचा हात धरला आणि गाडीत बसता बसता मला सांगितलं की म्हाताऱ्याला एकटं जेवायला बसवू नका.

आम्ही बसवलं नाही. त्यानंतर रोज दोन वेळा घरातलं कोणीतरी त्यांच्या बाजेजवळ जाऊन मले भूक लागली म्हणायचं आणि ते उठायचे. लागलेली नसली तरी आम्ही म्हणायचो. प्रफुलने भिंतीवरचे फोटो काढून टाकले, कारण नंतर काढलेल्या तिसऱ्या फोटोत आबाजी पहिल्यापेक्षा जाड दिसत होते.

पत्रूभाऊ वारले २०२४ च्या नोव्हेंबरात, अठरा तारखेला, सोमवारी सकाळी, धानाची कापणी चालू असताना.