मी सगळ्यांची मिशी

मित्रांनो, मी एक जुनी मिशी आहे, आणि तीही खोटी. हसू नका. सांगलीच्या एका नाटक कंपनीत ज्ञानू रंगपटवाल्याने जाळीवर एकेक केस गुंफून मला बनवले. डिंक लावून ओठावर बसवले की किरकोळ कारकुनाचाही सरदार व्हायचा. पाटील मी, पठाण मी, हवालदार मीच. माझ्यावाचून सगळ्यांचेच अडते, अशी माझी ठाम समजूत होती.

संस्थान विलीन झाले त्या साली आमच्या कंपनीचे मालक आप्पासो यांनी सिनेमा काढला. माणूस कोल्हापुरात धंदा शिकलेला, पण डोक्याने तिरपागडा. त्यांच्या सिनेमात राजा जातो, मंत्री येतात आणि सगळे मंत्री कंपनीतले मुख्य नट लालासाहेब एकटेच करतात. पगड्या जाऊन टोप्या आल्या, मिशी मात्र तीच! हे मंत्री धनगरांच्या भल्यासाठी सभा भरवतात, त्या सभेत एकही धनगर नसतो. शेवटी एक धनगर येऊन उभा राहतो. तोही लालासाहेबच करणार होते, अर्थात मला लावून. मी फुगून टुम्म झाले होते.

शूटिंग आटपाडीच्या माळावर होते. मेंढरे तिथल्याच बिराप्पा धनगराची. त्याची बायको हरणाबाई बाजूला उभी राहून बघत होती. लालासाहेब घोंगडे पांघरून उगाच वाकडेतिकडे 'आमी, न्हाई' करू लागले, तशी सगळी मंडळी हसली. हरणाबाई तेवढी हसली नाही. ती सरळ आप्पासोंपुढे गेली.

"आवं, आमचं सोंग घ्याया आमी मेलोय व्हय? ह्यो हितं हुबा हाय की."

आप्पासो म्हणाले, बिराप्पालाच घेऊ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि जिवात जीव आला. त्याला मिशीच नव्हती! बाप वारला म्हणून दहाव्याला डोक्याबरोबर तीही उतरवलेली. बिनमिशीचा धनगर कोण बघणार? ज्ञानू मला डिंक लावून घेऊन गेलाच.

बिराप्पाने मान वळवली.

"बा गेलाय माजा. मिशी लावली तर त्येला इसरल्यागत हुईल. घ्यायचं तर असंच घ्या."

तसेच घेतले. आणि मी जळले हो, डबीत पडल्यापडल्या जळले! एखाद्या झुपकेदार मिशीवर जळले असते तर शोभले तरी असते. मी जळत होते उघड्या ओठावर.

पुढे सांगलीत सिनेमा लागला. मंत्र्यांना, म्हणजे मलाच, लोक पोट धरून हसले. मग बिराप्पा पडद्यावर आला. "माज्याबद्दल बोलताय न्हवं? मग माज्यासंगं बोला की," एवढेच म्हणाला. लोकांचे पोटावरचे हात सुटले. आटपाडीहून आलेल्या हरणाबाईने शेजारणीला कोपराने ढोसले. "आमचा हाय त्यो," ती म्हणाली. मी इतक्या ओठांवर बसले, पण 'आमची' असे मला कुणी कधी म्हटले नाही.

आता माझी जाळी विरली आहे, केस झडत चालले आहेत. मित्रांनो, मला जपा. डिंक कोमट पाण्याने सोडवा, ओरबाडू नका. पण कुणाचे सोंग घेण्याआधी त्या माणसाला एकदा हाक मारून बघा. तो आलाच, तर मला खुशाल डबीत ठेवा. मी जळेन, पण हूं की चूं करणार नाही.