शेवळांचा पत्ता

“बाई, पोरगी घरात हाय, पन शालंत येयाची नाय,” भिमीआजीने उंबऱ्यावर बसूनच सांगितले.

अनिताबाई अंगणात उभ्या राहिल्या. आसनगावहून रोज लोकलने येऊन खर्डीला उतरून त्या या पाड्यावरच्या शाळेत शिकवायला येत. वर्गाचा ब्लॉग त्यांनीच सुरू केला होता. प्रशिक्षणात ब्लॉगचे फायदे सांगितले होते: मुले लिहिती होतात, जग जवळ येते. तोटे जेवणाच्या सुट्टीनंतर सांगणार होते. पण सुट्टीनंतर कोणी थांबलेच नाही.

मुले लिहिती झाली, यात खोटे काही नाही. बुधूच्या बैलावरच्या निबंधाला साताऱ्याहून शाबासकी आली. ती त्याने बैलाला वाचून दाखवली.

मग हर्षालीने ‘माझी आजी’ लिहिले. आजी पावसाच्या तोंडावर जंगलातून शेवळं ही रानभाजी आणते आणि विकते, एवढेच. बाई म्हणाल्या, “तपशील घाल. कुठून आणते?” पोरगी आज्ञाधारक. ओढा, आईनाचे वाकडे झाड, त्यामागचा खडक... निबंध इतका सुरेख उतरला की वाटेत कोणाला न विचारता तिथे पोचता यावे. रविवारी दोन मोटारी पोचल्या. आजी शेवळाचा कोंब खुडते, कंद जमिनीत ठेवते. पाहुण्यांनी कुंडीत लावायला कंदही उपसून नेले. तेव्हापासून हर्षाली शाळेत आली नव्हती.

“आजी, चूक माझी. तिला मीच लिहायला लावलं. ब्लॉग बंद करते मी.”

“थांबा. लोकं काय म्हनाली निबंधाला?”

बाईंनी फोन काढून वाचले, “‘अशी आजी सगळ्यांना मिळो.’”

“मला वळखत नाय, तरी?”

“तरी.”

“परत वाचा.”

बाईंनी परत वाचले. आजी पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली.

“त्या लोकांनी काकडं नेली का वो?”

“नाही वाटतं. निबंधात काकडं नव्हती.”

“मंग बरा झाला!” आजीचा चेहरा उजळला. काकडाची आंबट फळे घातल्याशिवाय शेवळांची भाजी घशाला अशी खाजते की माणूस दोन दिवस भाषण करत नाही. “बसले असतील घसा खाजवीत.”

आत कोणीतरी फस्कन हसले.

“ये गो भायेर, हसतेस ती! उद्या शालंत जा. लिव. पन लोकांना धाडायच्या आधी मला वाचून दाखव.”

पुढच्या हंगामात ब्लॉगवर हर्षालीचे नवे लिखाण आले: ‘माझ्या आजीची शेवळं खर्डी स्टेशनाबाहेर मिळतात. काकडं बरोबर देते. जागा विचारू नये.’

सकाळी अनिताबाई गाडीतून उतरून स्टेशनाबाहेर आल्या, तेव्हा फोनमधला ब्लॉगवरचा आजीचा फोटो पडताळत एक अनोळखी बाई भिमीआजीसमोर उभी होती. टोपलीत दोनच जुड्या होत्या.

“एवढीच?”

“औंदा एवढीच. कंद ऱ्हायले नाय.”

“मग दोन्ही द्या.”

“एकच मिळंल.”

दुसरी जुडी आजीने पळसाच्या पानात बांधली, वर मूठभर काकडं ठेवली आणि अनिताबाईंकडे न बघताच त्यांच्या पिशवीत घातली.