शेपटाची पाळी

भांडण पेटलं ते पाण्याच्या पाळीवरून. तलावाचं दार उघडलं की पहिलं पाणी पाटाच्या शेपटाला, म्हणजे सगळ्यात खालच्या रानांना, मग एकेक रान वर सरकत शेवटी तलावाजवळच्या तोंडाला, ही आमच्याकडची जुनी रीत. नव्या पाणीसमितीनं ती उलटी करायचं ठरवलं. समितीत नऊ माणसं. सात तोंडाकडची. शेपटाकडची दोनच, माझ्या सासूबाई आणि शिंपीकाका.

निवडून आल्यावर अध्यक्षभाऊ म्हणाले होते, सगळ्यांचं ऐकून कारभार करू. खोटं कशाला बोलू, ऐकायचे ते. सासूबाई उभ्या राहिल्या की सातही जण माना डोलवून ऐकायचे आणि मग विरोधात हात वर करायचे. ऐकायला काय जातं?

पाळी उलटवायच्या सभेला मी लेकीला कडेवर घेऊन दारात उभी होते. अध्यक्षभाऊंचं म्हणणं, तलावाच्या उशाशी राहायचं आणि पाण्यासाठी शेपटाकडं तोंड करून बसायचं, हा कुठला न्याय? सासूबाईंनी समजावलं की पाणी शेवटपर्यंत पोचावं म्हणून दरसाल अख्खा पाट शेपटाकडचेच साफ करतात. उरलंसुरलं मिळणार असेल तर कंबर कोण मोडून घेईल? आणि पाट तुंबला, तर वरच्या रानातलं जादा पाणी ओढ्याला उतरेल कुठून?

"मावशी," अध्यक्षभाऊ हसले, "पाणी आपोआप खाली जातं. त्याला शिकवणी लावावी लागत नाही."

सगळे हसले. सात हात वर गेले. सासूबाईंची हरकत लेखनिकानं वळणदार अक्षरात वहीत लिहिली आणि वही कपाटात कुलूपबंद झाली. हरकत इतकी जपून ठेवलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आमची दहा गुंठे मिरची नुकती फुलावर आली होती. वर्षभराची सगळी मदार तिच्यावरच. वरच्यांची रानं तुडुंब झाल्यावर आमची पाळी आली, तर पाटात एक ओली रेघ. बेडकालाही पाय धुवायला पुरली नसती. मग लेकीला पाठीशी बांधून मी, हे आणि सासूबाई, तिघांनी विहिरीवरून घागरी वाहिल्या. दर खेपेला ती माझ्या मानेवर गाल टेकवून झोपायची आणि लाळेनं खांदा ओला करायची. तेवढंच एक पाणी आपोआप खाली येत होतं. निम्मी रोपं वाचली. निम्मी उभ्या उभ्या वाळली.

त्या साली पाटाला कुणी हात लावला नाही. गवत आधी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. तिसऱ्या पाळीला वरचं पाणी वरच तुंबलं. अध्यक्षभाऊंचा कांदा पाण्यात उभा राहून पिवळा पडायला लागला. लगेच तातडीची सभा. ठराव असा की शेपटाकडच्यांनी पाट ताबडतोब साफ करावा. सातास दोन, मंजूर. गवताला मात्र कुणी कळवलं नाही, ते वाढतच राहिलं.

चौथ्या दिवशी अध्यक्षभाऊ आमच्या अंगणात आले. गुडघ्यापर्यंत चिखल. सासूबाई लेकीला मांडीवर घेऊन तेल लावत होत्या.

"मावशी, ठराव झालाय."

"झालाय ना. मग ठरावालाच घ्या उपटायला."

"पीक सडतंय हो."

"आमचं वाळलं तेव्हा तुम्ही सात हात वर केले होते, भाऊ. तेच आता जरा खाली घाला." लेकीचा पाय चोळत त्या पुढं म्हणाल्या, "पहिली पाळी शेपटाला परत द्या. यंदा पाट तुम्ही साफ करा, पुढच्या सालापासून आम्ही."

भाऊ बराच वेळ अंगणातल्या कोंबडीकडं बघत राहिले. कोंबडीनं काही सल्ला दिला नाही. मग भाऊंची मान होकारार्थी हलली.

सातही जण तीन दिवस पाटात होते. सासूबाई नातीला घेऊन बांधावर बसल्या. पण ते गवत वरवर कापतात, मुळं तशीच ठेवतात, हे त्यांना दुसऱ्या दिवशी बघवेना. नातीला माझ्याकडं दिलं, पदर खोचला आणि विळा घेऊन स्वतःच उतरल्या.

पुढच्या सभेत अध्यक्षभाऊंनी "एक नवी सुधारणा" मांडली. त्यांनी खूप विचार केला होता म्हणे. इथून पुढं पहिली पाळी शेपटाला. नऊ हात वर गेले. भाऊंच्या दूरदृष्टीवर टाळ्या पडल्या.

शिंपीकाकांचा जीव तळमळला. ही जुनी रीतच आहे, सासूबाईंनी कधीच सांगितलं होतं, कपाटातली वही काढा, असं बोलायला ते अर्धे उठले. सासूबाईंनी त्यांची बाही धरून खाली बसवलं.

"राहू द्या त्यांच्या नावावर," त्या हळूच म्हणाल्या. "आपली गोष्ट मोडायला त्यांना वेळ लागला नाही. स्वतःचा ठराव माणूस सहसा मोडत नाही."