पळसाचा हरिबा

आकार

“वैनी, दादा किती उंच व्हता?”

हैबती अंगणात पळसाची पानं दर्भानं बांधत होता. पानांचा माणूस. थोरला भाऊ हरिबा बैल घेऊन सारोळ्याकडं गेला, त्याला तप उलटलं. आता त्याला जाळायचं. घरातला बेपत्ता माणूस पितरांत बसल्याशिवाय हैबतीच्या लेकीला कुणी सोयरीक देईना.

भागूबाईनं दाराच्या चौकटीला हात लावला. “हितपतुर.” मग हात खाली घेतला. पुन्हा वर नेला. नवऱ्याचा चेहरा तर कधीचाच आठवेनासा झाला होता.

“वैनी, बिगी बिगी सांगा. पानं सुकत्यात.”

शोध

ती शाळेत दूध घालायला गेली. आनंदराव गुरुजी पोरांना सांगत होते : मंगळ आणि गुरू यांच्या मधे धोंडे फिरतात. दुर्बिणीतून फोटो काढला की तारे ठिपक्यासारखे उमटतात. धोंडा सरकतो, म्हणून त्याची रेघ. असाच एक सापडला. थोड्या रात्री दिसला, मग आभाळ भरून आलं.

“मंग?” दारातून भागूबाई.

पोरं हसली.

“मग हरवला, भागूबाई. त्याच्या वाटेचं गणित मांडण्याइतकाही दिसला नाही.”

“दिसायला कसा व्हता?”

“नुसती रेघ. उजेड कमीजास्त व्हायचा. त्यावरून म्हणतात, ओबडधोबड असेल, गरगरत असेल.”

“म्हंजी रूप कुनीच बगितलं न्हाई.”

“कुणीच नाही.”

“आन् त्येचं दहावं घातलं का?”

गुरुजी हसणार होते. तिच्या कुंकवाकडं बघून थांबले.

“नाही घालत. हरवला म्हणतात. फिरत असतोच कुठंतरी.”

कक्षा

नदीकाठी लाकडं रचून झाली होती. शेजारची सखूबाई बांगड्या फोडायला दगड घेऊन पुढं आली.

“दे बया हात.”

भागूबाईनं हात पदराआड घेतले. “न्हाई.”

“खुळी का काय तू?”

“फिरतोय त्यो.”

“कुठं?”

“ठावं न्हाई. म्हून जाळायचा व्हय?”

हैबती जवळ आला. “वैनी, पाया पडतो तुमच्या. माज्या पोरीनं काय करायचं?”

भागूबाईनं मान खाली घातली, पण हात काही बाहेर काढले नाहीत.

माणसं एकेक करून उठली. हैबती सगळ्यांच्या मागनं गेला. पुतळा राहिला. जाळायचा नाही, आणि सरणापर्यंत आणलेला तो माघारी घरात न्यायचा तरी कसा?

ऊन चढलं. पानं कडेनं वळायला लागली. भागूबाई त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्यावर चढणाऱ्या मुंग्या पदरानं झटकत राहिली.