खालची वस्ती

द्रागुटिनने आणखी खोल खणायचा हुकूम दिला आणि संगणकाच्या पडद्यावरच्या खडकातून पाणी फुटलं. खालचे मजले भरले, खेळातली माणसं बुडाली. तो चष्मा कपाळावर सरकवून बघतच राहिला. उभं आयुष्य त्याने ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, कूबर पेडीत, ओपल या रत्नासाठी जमीन पोखरली होती. उन्हाच्या काहिलीमुळे, तिथल्या बऱ्याच जणांसारखा, राहायचाही जमिनीखालच्याच घरात. पण खणताना पाणी कधी लागलं नव्हतं.

गुडघा गेल्यावर खाण सुटली, तेव्हा ॲडलेडला राहणाऱ्या त्याच्या मुलीने, वेस्नाने, त्याला हा खेळ लावून दिला होता. जमिनीखाली वस्ती उभारायची आणि जगवायची.

दुसरी वस्ती त्याने कोरड्या दगडात खणली. धान्य होतं, बिअर होती, भक्कम दरवाजे होते. तरी एक गवंडीण काम टाकून वेशीपाशी जाऊन उभी राहिली. तिच्या नावाखाली ‘उदास’ असं आलं. मग दुसरा, मग आणखी कोणी.

वेस्नाने फोनवर सांगितलं, त्यांना आकाश दिसत नसेल. द्रागुटिनला ते लगेच पटलं. त्याची बायको रूझा घर सोडून पोर्ट ऑगस्टाला गेली, तेव्हापासून तोही लोकांना हेच सांगत आला होता: तिला उन्हावाचून करमेना. त्याने छतातून वरपर्यंत भोक पाडलं. सगळ्या वस्तीत उजेड पडला.

गवंडीण उदासच राहिली.

दोन दिवस त्याला दुसरं काही सुचेना. शेवटी त्याने रूझाला फोन लावला. आधी खेळाचं सगळं सांगितलं.

“तू उन्हासाठीच गेलीस ना?” त्याने विचारलं.

“उन्हासाठी? अरे, इथे मी दिवसभर पडदे ओढून बसते.”

“मग?”

“जेवायला हाक मारली की तू भिंतीपलीकडून ओ द्यायचास. आज ही खोली खणून वाढव, उद्या ती. म्हणे घरातच ओपल सापडेल. मी त्या भिंतीशी बोलून बोलून थकले, द्रागो.”

पडद्यावर माणसं खणतच होती. त्याने काम थांबवलं. कुदळी टाकून ती बोगद्यांत जागच्या जागी उभी राहिली.

“थांबवलं मी,” तो म्हणाला. “आता नुसतीच उभी आहेत.”

“जेवतात कुठे ती?”

त्याने वस्ती वरपासून खालपर्यंत नीट पाहिली. कोठारं, बिछाने, दरवाजे, बोगदे. एक बाई पोत्यांच्या आड उभ्या उभ्या पाव खात होती.

“कोठारात. उभ्यानेच.”

“मग आधी टेबल कर,” रूझा म्हणाली. “चांगलं मोठं. आणि झालं की मला सांग, कोण कोण येऊन बसलं ते.”