अक्कांच्या नावावर

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. मी एक जुना संगणक आहे. गोष्ट माझी सांगतो, पण ती खरी अक्कांची आहे.

एका एक्स-रे केंद्राच्या खिडकीजवळ मला मांडलं. तिथे कामाला असलेल्या अक्का सकाळी सगळ्यांच्या आधी येत, फडक्याने मला पुसत, आपलं नाव आणि पासवर्ड घालून उघडत. मोडलेली हाडं, खोकून शिणलेल्या छात्या, सगळी चित्रं मी पोटात सांभाळली. मालक पाहुण्यांना सांगत, "हा आमचा कामाचा बैल." त्या चित्रांची एक प्रत दुसरीकडे ठेवावी, हे मात्र त्यांना कधी सुचलं नाही.

पुढे मी म्हातारा झालो, उघडायला वेळ लावू लागलो. तेव्हा तिथे रीतच पडली. अक्कांच्या नावाने एकदा उघडायचं आणि दिवसभर सगळ्यांनी त्यावरच बसायचं.

"अरे, घराची किल्ली दाराला लटकवून कुणी जातं का?" अक्का म्हणत.

"इथे चोर कोण, अक्का? मी की मामा?" मालकांचा भाचा हसायचा. मग अक्काही हसत. भीड मोडणं त्यांना कधी जमलंच नाही.

एके दुपारी अक्का आत जेवायला गेल्या आणि भाचा माझ्यासमोर बसला. अक्कांना एक मेल आला होता, 'तुमचं पार्सल अडकलं आहे, इथे दाबा.' पार्सल दुसऱ्याचं, पण बोटं याची शिवशिवली. त्याने दाबलं. त्या मेलच्या पोटात चोर होता. बघता बघता त्याने एकेका चित्राला कुलूप घातलं आणि माझ्याच पडद्यावर खंडणी मागितली.

दुरुस्तीवाला आला. म्हणाला, "अक्कांच्या नावाने उघडलंय."

"मी जेवत होते," अक्का म्हणाल्या. "ज्याने दाबलं त्याने सांगावं."

भाचा चष्मा पुसत राहिला. "मामा, अक्कांना हल्ली विसरायला होतं."

मालकांनी भाच्याकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, आणि सोयीचं तेवढं खरं मानलं. "उद्यापासून येऊ नका."

कळांवर बोटं कुणाची होती, ते एक मी जाणत होतो आणि एक तो वरचा. दोघेही गप्प राहिलो.

आता मी अडगळीत आहे. अक्कांच्या खुर्चीवर भाचा बसतो आणि नव्या मुलीला सावधगिरीचे धडे देतो.

मित्रांनो, यंत्रावरून उठताना आपलं नाव बंद करून उठा. भिडेपोटी ते कुणाच्या हाती देऊ नका. अनोळखी मेलला हात लावू नका. आणि कधी कुणी म्हणालं, एका बाईच्या चुकीने लोकांची चित्रं गेली, तर माझ्या अक्कांची आठवण काढा. त्या जेवत होत्या, एवढं त्याला सांगा.