हात वर

आमच्या आजोबांना एकाहत्तराव्या वर्षी नट व्हायचं खूळ लागलं. कारखाना बंद पडला, बाबांची नोकरी गेली, आईने शिकवण्या दुप्पट केल्या आणि घरातला सगळ्यात म्हातारा माणूस आरशासमोर उभा राहून रडायचा सराव करू लागला. "म्हातारचळ, दुसरं काय!" असं म्हणायला बाबा खोलीतून बाहेर आले आणि परत आत जाऊन झोपले. आठ महिने त्यांचं हेच चाललं होतं. मला दोघांचाही राग यायचा. आजोबांचा जरा कमी, कारण ते निदान रोज दाढी करत.

वर्षभर त्यांनी गर्दीत उभं राहायची कामं केली. मग एका मालिकेत कामगाराच्या भूमिकेत पहिलं वाक्य मिळालं, "मालक, मशीन अजून चालतंय." हे जमलं तर त्या कामगाराचं काम सहा महिने पक्कं होतं. म्हणजे माझं कॉलेज सुटणार नव्हतं.

शूटिंग नेमकं आमच्याच बंद कारखान्यात होतं. आजोबांना मधूनच चक्कर येते, म्हणून मी आणि नाक मुरडत का होईना, बाबा सोबत गेलो. पत्रा कापायचं मशीन जागेवरच होतं, शूटिंगपुरती त्याला वीजही जोडली होती. आजोबांनी तीस वर्षं त्याचं बटण दाबलं होतं, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं समोरून पत्रा सरकवायला बाबा असायचे. तिथला नियम असा, की बटणवाल्याने "हात!" म्हणून ओरडायचं, समोरच्याने दोन्ही हात डोक्यावर धरायचे, मगच बटण. मशीन थांबेपर्यंत हात वरच.

"आजोबा, काही बोलायचं नाही. बटण दाबा, मग मालकाकडे वळून वाक्य," दिग्दर्शक म्हणाला.

"हात!" आजोबा गरजले. मालक झालेला नट दचकून मागे सरला.

दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी ओठ घट्ट मिटले, पण मग बोटही हलेना.

"आता काय झालं?"

"समोरचे हात दिसत नाहीत."

"अहो, समोर कुणीच नाहीये!"

"ते न बघता कसं कळणार?"

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या म्हाताऱ्याला तयार राहायला सांगितलं. तो लगेच टोपी नीट करू लागला. "शेवटचं हं, आजोबा." दाबा की हो एकदाचं, असं मी मनात ओरडत होते.

बाबा माझ्या शेजारून निघाले. कॅमेऱ्यामागून वळसा घालून ते मशीनच्या समोर, चित्रात येणार नाहीत असे उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर धरले.

आजोबांनी पाहिलं. बटण दाबलं. मशीन धडधडायला लागलं.

"मालक, मशीन अजून चालतंय."

आरशासमोर शंभरदा म्हटलं होतं, पण असं एकदाही नाही. मला रडू आलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

"कट! झकास!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी बाबांना म्हणालं, "काका, झालं हो, हात खाली घ्या."

बाबांनी मान हलवली. "मशीन थांबू दे," ते म्हणाले.